नटावरची खूण

जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक मोठा गोळा असतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून आलेला लांब दांडा त्या गोळ्याला जोडलेला असतो आणि त्याच्या जोरावर मागची चाकं फिरतात. दांडा जिथं जोडतात तिथं रबराचं एक कडं बसवलेलं असतं, ते ऑइल सील. ते गेलं की आतलं तेल बाहेर यायला लागतं. आमच्या जीपचं गेलं होतं. मी हे एवढं फोड करून सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते सगळं त्या कड्यापायी झालं, आणि मध्येच कुणी अडवून विचारलेलं मला खपत नाही.

जीप लेक चालवते. टेकडीवरच्या शाळेत रोज नऊ मुलं नेते आणि परत आणते. शनिवारी सकाळी तिनं जीपखाली टाकलेला पुठ्ठा ओढून काढला, तर त्यावर ताटाएवढा काळा डाग. गाडी दुकानात टाकते म्हणाली. ह्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"सील बदलायला दुकान कशाला लागतं? घरी होईल."

दुकान काही परकं नव्हतं. ह्यांनीच उभं केलेलं. मागच्या खोलीत माझं मशीन होतं, मी गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे. शिवणाचं काम नसलं की ह्यांच्या हाताखाली. हे भाग सोडवून द्यायचे, मी ते रॉकेलच्या डब्यात बुडवून, घासून, कोरडे पुसून ओळीनं मांडायचे. माझ्या हातचा भाग आरशासारखा असायचा, असं हे स्वतः म्हणायचे, आणि ह्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे काय ते माझं मला ठाऊक.

आठ महिन्यांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हातपाय निम्म्यानं गेला. बोलणं परत आलं, पण सावकाश. दुकान भाच्याकडं दिलं. तो माझ्या नणंदेचा मुलगा, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पहिले दोन महिने हे रोज जाऊन तिथं खुर्चीत बसत. मग एक दिवस ह्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, ब्रेक बदलून घ्या. ब्रेक त्याच सकाळी बदलून झाले होते, ह्यांच्या डोळ्यांदेखत. भाचा सगळ्यांसमोर म्हणाला, मामा, तुम्ही बसा बरं. हे उठून घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी दुकानाची पायरी चढली नाही. मीही भाच्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. ज्यानं पाना धरायला शिकवलं त्यालाच तू बसवतोस का, असं मी त्याला त्याच्या बायकोदेखत विचारलं. माणसाच्या लक्षात एखादी गोष्ट राहत नाही, म्हणून काय झालं? माझ्याही राहत नाही.

तरी लेकीनं भाच्याला फोन केलाच. रांग लागली आहे, मंगळवारी संध्याकाळी देतो, असं तो म्हणाला. म्हणजे दोन दिवस शाळेची फेरी बंद. मग तिनंही हात टेकले. करा काय करायचं ते, सोमवारी सकाळी सातला मला गाडी उभी पाहिजे, एवढं बोलून ती नवं सील आणि तेलाचा डबा आणून देऊन गेली. रविवारी तिला मैत्रिणीचं घर हलवायला मदत करायची होती.

आता करायचं कुणी, तर मी. ह्यांच्या उजव्या हातात पाना ठरत नव्हता. ह्यांनी खुर्चीत बसून सांगायचं आणि मी जीपखाली झोपून करायचं. तीस वर्षं मी पाना दिला होता, फिरवला नव्हता. पण शनिवारी रात्रीचं जेवण करताना हे मला सगळी कृती सांगत होते, आधी काय सोडवायचं, मग काय, आणि सांगता सांगता ह्यांच्या तोंडात घास तसाच राहत होता. आठ महिन्यांत ह्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

रविवारी सकाळी मी ह्यांची जुनी पॅन्ट चढवली, दोरीनं कमरेला बांधली, आणि अंगणात जीप मागून उचलून स्टँडवर ठेवली. स्टँड नीट बसलेत का ते चार वेळा हलवून पाहिलं. हे वैतागले. "गाडी पडायची असती तर एव्हाना पडली असती. जा आत." मी मनात ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पाठीवर सरकत आत गेले.

खालून जीप फार मोठी दिसते. आपल्या छातीपासून वीतभर अंतरावर एवढं लोखंड आहे आणि ते दोन काटक्यांवर तोललेलं आहे, हे एकदा डोक्यात शिरलं की श्वास पुरेनासा होतो. मला ह्यांचे फक्त बूट दिसत होते आणि वरून आवाज येत होता. चार बोल्ट सोडव. सोडवले. दांडा दोरीनं बाजूला बांध. बांधला. आता समोर काय दिसतं, असं त्यांनी विचारलं. एक जाड लोखंडी थाळी आणि तिच्या मधोमध मोठा नट, मी म्हणाले.

"हां. आता थांब. हा नट सोडवायच्या आधी खूण करायची."

ही खूण का करायची ते मला माहीत होतं. दुकानात कुणी नवा आला की हे त्याला पहिलं तेच ऐकवत. त्या नटाच्या आत दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यामध्ये एक नळी, नट आवळताना दबणारी. ती एकदा जेवढी दबली तेवढ्यावरच तिचं काम असतं. म्हणून नट पुन्हा लावताना तो अगदी पहिल्या जागेवर यायला हवा, केसभर इकडंतिकडं चालतं, जास्त नाही. सैल राहिला तर गाडी बोंब मारते, आणि जास्त आवळला तर गाडी गप्प राहते आणि आत बेअरिंग जाळत बसते, असं हे त्या पोरांना सांगत. जळलेलं बेअरिंग मग चालत्या गाडीत, बहुतेक उतारावर, जाम होतं आणि मागची चाकं जागच्या जागी धरली जातात.

हे म्हणाले, तुझ्या खिशातला खडू घे. नटावर आणि त्यातून बाहेर आलेल्या आतल्या दांड्याच्या टोकावर मिळून एक रेघ मार. आणि नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोज. माझ्या खिशात शिवणाचा निळा खडू होता, तो काय नेहमीच असतो. मी रेघ मारली. आटे मोजले, तीन भरले. मग पान्याला लांब पाइप लावून, दोन्ही पाय चाकाला टेकून नट सोडवला. तो सुटला तेव्हा माझ्या खांद्यातून कळ गेली, पण वरून आवाज आला, "शाब्बास." मला ह्या वयातही बरं वाटलं.

थाळी निघाली. जुनं सील उचकटून काढलं, ते उन्हातल्या डांबरासारखं झालं होतं. तेलाची धार हाताच्या कोपरापर्यंत आली. हे खुशीत होते. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लाव, फळीचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी हलक्या हातानं ठोक, तिरकं बसवलंस तर आठ दिवसांत परत गळेल. मी तसं केलं. सील बसलं, अगदी चपखल. मी बाहेर आले, पाठ सरळ केली, पाणी प्यायले, आणि मग नट आणि थाळी घेऊन रॉकेलच्या डब्याशी बसले. घासलं, धुतलं, पुसलं. परत खाली गेले आणि त्याच फडक्यानं आतल्या दांड्याचं टोकही पुसून काढलं. हातांना सांगावं लागलं नाही. तीस वर्षांची सवय.

थाळी बसवून नट हातानं फिरवत आणला, आणि रेघ कुठं आहे म्हणून बघायला गेले तर रेघ नव्हती. नटावर नव्हती आणि दांड्यावरही नव्हती. दोन्ही आरशासारखे.

मी तिथंच पडून राहिले. आटे तीन, एवढं माहीत होतं, पण तीनच्या अलीकडं की पलीकडं, तेवढ्यात नटाचा अर्धा फेरा सहज मावतो. बाहेर बूट हलले.

"जुळली का गं खूण?"

ह्यांच्या आवाजात असा काही हुरूप होता की सांगवेना. आत्ता सांगते, आवळून झाल्यावर सांगते, असं मनाशी म्हणत मी बोलून गेले, "जुळली." आणि मग तीन आटे दिसेपर्यंत आणि दात एकमेकांवर दाबले जाईपर्यंत नट आवळत राहिले. लांब दांडा परत जोडला, तेल भरलं. थाळी हातानं फिरवून पाहिली होती, ती फिरत होती, पण जरा जड वाटली. नवं सील आहे, जड वाटणारच, असं मी स्वतःला समजावलं. समजूत काही पटली नाही.

दुपारी मीच जीप काढून वस्तीभोवती चार फेऱ्या मारल्या. आवाज काही नव्हता. आवाज असता तर बरं, असं मला गाडीच्या बाबतीत पहिल्यांदाच वाटत होतं. परत येऊन आत हात घालून गोळ्याला लावला, तर नटाच्या बाजूला चटका बसला आणि मागची बाजू साधी ऊन होती. हे खुर्चीतून बघत होते. गरम लागतं का, विचारलं. मी म्हणाले, कोमट आहे. हे मान डोलावून आत गेले आणि बिछान्यावर पडल्या पडल्या घोरायला लागले. आठ महिने ह्यांना दुपारची झोप नव्हती.

मी अवजारं आवरायला बसले. ह्यांच्या पेटीत प्रत्येक वस्तूचा खण ठरलेला आहे. पाने ठेवले, पाना फिरवायची टॉमी ठेवली, हातोडी ठेवली. हातोडीच्या शेजारच्या खणात पंच होता. बोटाएवढी पोलादी सळई, पुढं टोक. त्यावर जुनं ग्रीस तसंच वाळलेलं, म्हणजे आज त्याला कुणी हात लावला नव्हता.

आणि मग माझ्या लक्षात आलं. हे खूण करायचे ती पंचानं. नटावर एक ठोका, दांड्यावर एक ठोका, लोखंडात खोल टिंब. ते रॉकेलनं जात नाही, घासून जात नाही. म्हणून तर मी तीस वर्षं बिनधास्त पुसत आले आणि कधी काही बिघडलं नाही. नव्या पोराला पंच मीच काढून द्यायचे, इतकं ते ठरलेलं होतं. खडू ह्यांनी एकदाही वापरला नव्हता. खडूनं खूण करणाऱ्याला ह्यांनी दुकानातून हाकलून दिलं असतं. आणि आज ह्यांनी, जराही न अडखळता, मला खडू घे म्हणून सांगितलं. मीही घेतला. माझ्या मनात एवढंसुद्धा आलं नाही, कारण गाडीच्या बाबतीत हे चुकतील हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

म्हणजे खूण पुसली हे सांगायचं, तर खडू का होता हेही आलंच. ते कसं सांगायचं? ह्यांचा हात गेला, पाय गेला, दुकान गेलं. उरलं होतं ते एवढंच. मी पेटी बंद केली आणि तिच्यावरच बसून राहिले. चहा टाकायचं भान राहिलं नाही.

पाचच्या सुमाराला लेक आली. जीपखाली वाकून बघते तर कोरडं ठक्क. तिला केवढा आनंद. बाबांनी घरी केलं, बाबांनी घरी केलं, असं दोघा-तिघांना फोनवर सांगून झालं. हेही उठून बाहेर आले होते. मग ती मला उद्याचं सांगायला लागली. दोन भावंडांच्या घरी पाहुणे आहेत, त्यांना आधी घ्यायचं. पहिलीतल्या बारकीला पुढं आपल्या शेजारी बसवायचं, तिला मागं मळमळतं. टेकडीच्या वळणावर रस्ता खोदला आहे म्हणून जरा लवकर निघायचं. मी ऐकत होते आणि मला त्या वळणाखालचा उतार दिसत होता. माझ्याच्यानं पुढं ऐकवेना.

"गाडी उद्या जाणार नाही," मी म्हणाले. "नटाची खूण माझ्या हातून पुसली गेली. मी अंदाजानं आवळलाय."

लेक परत वाकून जीपखाली बघायला लागली. हे मात्र हसले.

"पंचाची खूण पुसली जाते होय? काहीतरीच बोलतेस."

मी ह्यांच्याकडं बघतच राहिले. ह्यांना खरंच तसं वाटत होतं. सकाळी आपण पंच सांगितला, असंच ह्यांच्या डोक्यात होतं, पक्कं. मी म्हणाले, पंच नव्हता, खडू होता. खडू कुणी सांगितला, ह्यांनी विचारलं. मी जमिनीकडं बघत म्हणाले, "मीच. खिशात होता, घेतला."

मग ह्यांनी मला धारेवर धरलं. बोलणं सावकाश, त्यामुळं ते फार वेळ चाललं. तीस वर्षं दुकानात काढून एवढी अक्कल नाही, नऊ लेकरं आहेत, खोटं बोललीस वर. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. खोटं तर मी बोललेच होते, आणि दोनदा. आत्ताचं धरलं तर तीनदा. मी मूग गिळून ऐकत राहिले. लेक माझ्याकडं टकामका बघत होती. आई ऐकून घेते आहे, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

दुकान दोन गल्ल्या पलीकडं. भाच्याला फोन केला, तो म्हणाला, पायी चालाल त्या वेगानं घेऊन या. लेकीनं जीप काढली. हे काठी घेऊन पुढच्या सीटवर चढून बसले. मी म्हणाले, तुम्ही कशाला येता. ह्यांनी दार ओढून घेतलं. त्या दोन गल्ल्या मला संपता संपेनात. प्रत्येक खड्ड्याला मी मागं कान लावून बसले होते.

भाच्यानं रविवार असून शटर उघडलं. मामाला पाहून तो क्षणभर गडबडला, मग खुर्ची आणली. हे बसले. त्यानं जीप वर घेतली, दांडा सोडवला आणि किती जोर लागतो ते दाखवणारा काटा असलेला एक छोटा पाना लावून नट हळूहळू फिरवून पाहिला. दोनदा पाहिला. लेक बाहेर उभी राहून मुलांच्या घरी फोन करत होती की उद्या कदाचित उशीर होईल.

"फार आवळलाय," भाचा म्हणाला. "आतली नळी नवीन टाकतो, परत सेट करतो. दीड तास लागेल. बेअरिंग वाचलंय अजून. उद्या टेकडी चढली असती तर…"

"हिनं खडूनं खूण केली," हे म्हणाले. "मी पंच सांगितला होता."

"मामीनं? खडूनं?" भाचा हसत माझ्याकडं वळला. "पहिल्या दिवशी मला पंच हातात देणारी तर मामीच…"

आणि तो थांबला. माझ्या तोंडाकडं बघून थांबला. त्यानं घाईघाईनं पाना उचलला आणि जीपखाली गेला, आणि नको तितक्या आवाजात काहीतरी ठोकायला लागला. दोन महिने ह्या पोरानं काय काय झाकून घेतलं असेल आणि शेवटी ब्रेकच्या त्या दिवशी ते का झाकलं गेलं नसेल, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला बोलले होते ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे आधी भाच्याकडं बघत होते. मग माझ्याकडं. बराच वेळ. ह्यांची नजर बोथट झालेली नव्हती, कुठं काय गप्प झालं ते ह्यांना आवाजासारखं कळायचं.

"इकडं ये," हे म्हणाले. मी खुर्चीजवळ गेले. "खरं सांग. सकाळी मी काय म्हणालो होतो?"

चौथं खोटं जिभेवर तयार होतं. ते मी बोलले असते तर सगळं निभावून गेलं असतं, हे घरी जाऊन मला आणखी चार दिवस बोलले असते, आणि मी ते आनंदानं ऐकलं असतं. पण पुढच्या महिन्यात ब्रेकचं काहीतरी निघेल. लेक ह्यांना विचारेल. हे सांगतील, जराही न अडखळता. आणि ती ऐकेल, जसं मी ऐकलं तसं.

"खडू," मी म्हणाले.

ह्यांनी मान हलवली. जीपखालचा आवाज थांबला होता. ह्यांनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली, चष्मा काढला, परत लावला. मला वाटलं, आता हे भडकतील, मला खोटारडी म्हणतील. देवाशपथ, मला तेच हवं होतं.

"पोरीला सांग," हे म्हणाले, "यापुढं गाडी इथंच आणायची. मला विचारून काही करायचं नाही."

"बरं," मी म्हणाले.

तीस वर्षांत ह्यांच्या कुठल्याही म्हणण्याला मी इतक्या चटकन बरं म्हटलं नव्हतं. ते ह्यांच्याही लक्षात आलं.